मी गोळ्या खात नव्हते

हे मी डाव्या हाताने लिहिलं आहे. रोज चार-पाच ओळी, दुरेघी वहीत, पहिलीतल्या मुलासारखं. एखादा शब्द आठवला नाही की तिथे रेघ ओढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ती जागा भरायची. काही रेघा आठ-आठ दिवस रिकाम्या राहिल्या. मला व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "टीचर, तुमच्यावर काय आलं ते लिहा, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून लिहिते आहे. मी चांगली दिसावं म्हणून लिहीत नाही.

वर्ग

मी सुमन. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. घर सोलापुरात विजापूर रोडला, शाळा मंद्रूपच्या बाजूला एका गावात. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी मिळेल त्या गाडीने परत.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर तिसरीच्या वर्गात फळ्यावर जोडाक्षरं लिहीत होते. तिसरी ओळ लिहिताना खडू खाली खाली घसरायला लागला. अक्षरं फळ्याच्या कडेपर्यंत उतरली. पोरं हसायला लागली. "बाई, काय लिवलंय वो?" एकजण ओरडला. मी वळून त्यांना गप्प करायला गेले, तर तोंडातून जे बाहेर पडलं ते मराठी नव्हतं, कुठलीच भाषा नव्हती. मी गोष्टी सांगताना माकडाचे, म्हाताऱ्याचे आवाज काढायची. पोरांना वाटलं, तसंच काहीतरी. ती आणखी हसली. दोघं बाकावर चढून माझी नक्कल करायला लागली. पहिल्या बाकावरची एक मुलगी तेवढी गप्प झाली. तिला माझ्या हनुवटीवरून ओघळणारी लाळ दिसली होती.

मला ऑफिसात सतरंजीवर झोपवलं. मुख्याध्यापक म्हणाले, पित्त असेल. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी लिंबू सरबत पाजलं, ते श्वासनलिकेत गेलं आणि मी गुदमरले. मग शाळेचा शिपाई म्हणाला, "लकवा दिसतोय, वारं लागू देऊ नका." म्हणून खिडक्या लावल्या, दार लावलं. त्या बंद खोलीत मी शाळा सुटेपर्यंत पडून होते. त्यातलं कुणीही वाईट माणूस नव्हतं. सगळे माझ्यासाठीच धावपळ करत होते. पण गाडी बोलावण्याची धावपळ कुणी केली नाही.

यांचं उत्तर

सोलापूरच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा दिवे लागले होते. तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नक्की किती वाजता सुरू झालं?" सांगणारं कुणी नव्हतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, नर्सकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "फार उशीर केलात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आता देता येणार नाही."

दुसरा प्रश्न होता, "बीपीच्या गोळ्या चालू आहेत का?"

माझे मिस्टर पायांशी उभे होते. कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, टापटिपीचा माणूस. ते ठामपणे म्हणाले, "हो, रोज. एक दिवस चुकत नाही. मीच आणून देतो. शिक्षिका आहे हो ती, तिला सगळं कळतं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मी गोळ्या खात नव्हते. दीड वर्षं खात नव्हते. खोलीतल्या माणसांमध्ये हे फक्त मला ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

का सोडल्या, तेही सांगते. आमच्या एक निवृत्त बाई किडनी जाऊन वारल्या आणि सगळ्या म्हणायला लागल्या, बीपीच्या गोळ्यांनी गेल्या. मोबाईलवर तसे व्हिडिओ येत होते. एकदा सुरू केली की जन्मभर सुटत नाही, गोळीची सवय लागते, हे तर मी लहानपणापासून ऐकलेलं. आणि मला काहीच होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. न दुखणाऱ्या दुखण्याला औषध कशाला? मी उपाशीपोटी दुधीचा रस आणि लसणाच्या दोन पाकळ्या सुरू केल्या. मनाला फार हलकं वाटलं. एकदा शाळेत तपासणी शिबिर झालं, तेव्हा बीपी वाढलेलं निघालं. मी म्हटलं, जिना चढून आले म्हणून.

हे दर महिन्याला गोळ्या आणायचे. "डबा खाल्ल्यावर घेते," म्हणून मी पाकिटं पर्समध्ये टाकायची आणि शाळेच्या कपाटात खडूच्या रिकाम्या खोक्यात ठेवायची. टाकून द्यायची हिंमत नव्हती आणि खायची इच्छा नव्हती.

यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. माझा धाकटा भाऊ महादेव, आमचा मादू, मंद्रूपजवळ शेती करायचा. त्याला बीपी निघालं तेव्हा तो गोळ्या घ्यायला तयार नव्हता. मीच त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं होतं. "अडाणीपणा करू नकोस, रोज खायची," असं चारचौघांत झापलं होतं. त्याने ऐकलं. रोज सकाळी शेळ्यांना चारा टाकून झाला की तो गोळी घ्यायचा. मी त्याला शिकवलेलं त्याने पाळलं आणि मी सोडून दिलं.

व्हय

पाच दिवसांनी पहिला शब्द आला. उजवा हात, उजवा पाय लाकडासारखा पडलेला. नर्सने विचारलं, "मावशी, पाणी पाहिजे का?" आणि मी म्हणाले, "व्हय."

मंद्रूपच्या घरातला शब्द. एकतीस वर्षं मी पोरांच्या तोंडून तो खरवडून काढला. "व्हय नाही, हो म्हणा." आणि माझ्या डोक्यात एवढा एकच शब्द शाबूत राहिला. सगळ्यांना आनंद झाला. यांनी पुण्याला मुलीला फोन करून ऐकवला.

पण तो शब्द माझ्या ताब्यात नव्हता. नको म्हणायचं असलं तरी तोच यायचा. "दुखतंय का?" व्हय. "नाही ना दुखत?" व्हय. मान हलवून नाही म्हणावं, तर मानही खाली-वर व्हायची. आतून मी ओरडायची, नाही, नाही, आणि बाहेर हसऱ्या म्हातारीसारखं व्हय, व्हय. लोक जे विचारतील त्याला माझा होकार होता.

दवाखान्यातले दिवस मला उजेडावरून आठवतात. सकाळी लंगोट बदलायला येणाऱ्या बायका माझ्या अंगावरून एकमेकींशी पोरांच्या लग्नाचं बोलायच्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून रोज माझ्याकडे बोट दाखवून सासूला सांगायची, "बघा, तुमचं तरी बरं आहे." घरी आल्यावर सोसायटीतल्या दोघी भेटायला आल्या. चहा पिता पिता एकजण म्हणाली, "असं जगण्यापेक्षा देवानं सोडवलेलं बरं." दुसरी म्हणाली, "हळू, तिला ऐकू येतं." पहिली म्हणाली, "कळत थोडंच असणार?" आणि माझ्याकडे वाकून मोठ्याने विचारलं, "काय बाई, बरं वाटतंय ना आता?"

मी काय म्हणाले असेन, ते तुम्हाला कळलंच असेल.

डाग

दुसऱ्या महिन्यात मादू जीप घेऊन आला. त्याच्या ओळखीच्या कुणाला तरी लकवा झाला होता आणि अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीतल्या एका गावात डाग देऊन तो माणूस चालायला लागला होता म्हणे. यांचा विरोध होता, पण जोर नव्हता. मादू माझ्या खाटेशी उकिडवा बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आक्का, तुजं हाल बघवत न्हाईत मला. येकदा करून बघू की. जायचं का?"

"व्हय," मी म्हणाले.

"बघा दाजी, तिचीच विच्छा हाय."

तिथे कडुलिंबाच्या झाडाखाली वीस-पंचवीस माणसं बसलेली. म्हातारा कानडीत बोलायचा. त्याने निखाऱ्यातली सळई काढली. मादूने माझा उजवा हात धरला, त्याची बायको शांता हिने डोकं मांडीवर घेतलं. म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं. मादूने मला मराठीत सांगितलं, "भ्याव वाटतंय का म्हनतोय." मी व्हय म्हणाले. हे एक उत्तर तेवढं खरं होतं.

त्या हाताला तेव्हा स्पर्श कळत नव्हता. सळई टेकली ते मला दुखलं नाही. वास आला. स्वतःच्या कातडीचा वास ओळखायला वेळ लागतो. कळलं तेव्हा मी डाव्या अंगाने अशी काही उसळले की शांताच्या मांडीवरून खाली पडले.

"हालली! हालली!" माणसं ओरडली. म्हातारा समाधानाने म्हणाला, "आयतु, आयतु." झालं, झालं. त्याने आणखी दोन डाग दिले, कारण पहिल्याने गुण आला होता.

जखमा चिघळल्या. एकीत पू झाला. न दुखणारी जखम सडत गेली आणि चादरीला लागलेलं पाहून यांना कळलं. परत दवाखाना, परत इंजेक्शनं. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंटची संमती होती?" मादू खाली मान घालून म्हणाला, "तीच व्हय म्हनली, सायेब."

मी त्याच्यावर रागावले नाही. त्याने माझं शब्दशः ऐकलं होतं.

मादूचा प्रश्न

जखमा भरत आल्या होत्या तेव्हा तो एकदा दुपारी आला. पिशवीतून हुरडा काढला, शांताने दिलेली शेंगाचटणी काढली. मिस्टर टीव्ही बघत बसले होते. मादू इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला,

"आक्का, येक सांगू? मी गोळ्या बंद केल्या."

माझं सगळं अंग त्याच्याकडे वळलं.

"म्हंजी बघ की. तू येवडी शिकलेली. रोजच्या रोज गोळ्या खाल्ल्यास, येक दिस चुकवला न्हाईस, तरीबी तुजं हे झालं. मग त्या गोळ्यांचा काय उपेग? उलट त्याच्यामुळंच झालं आसंल. शांता न्हाई म्हनती. पर मी म्हनलं, आक्काला इचारतो. बराबर केलं का न्हाई?"

मी नाही म्हणायचा प्रयत्न केला. पोटातून, फुप्फुसातून, सगळ्या जिवाने. डावा हात खाटेवर आपटला. तोंड उघडलं.

"व्हय," मी म्हणाले. "व्हय, व्हय, व्हय."

मी रडायला लागले. त्याने मला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. "रडू नगंस, आक्का. मी हाय की." त्याला वाटलं, माझ्या आजाराचं मला रडू आलं.

टीव्हीचा आवाज कमी झाला नाही.

शिकणं

त्या दिवसापर्यंत मी व्यायामाला विरोध करत होते. फिजिओथेरपीची मुलगी, अश्विनी, आठवड्यातून तीनदा यायची. तेलुगू विणकरांच्या घरातली, बोलायला तिखट. मी डोळे मिटून पडायची आणि ती माझे हातपाय हलवून जायची. त्या दिवसानंतर मी डोळे उघडे ठेवले. मला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगण्यापुरतं तरी मला बरं व्हायचं होतं. चालण्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

लोक विचारतात, मन कसं घट्ट केलंत. घट्ट वगैरे काही केलं नाही. मी घाबरले होते. भीतीने माणूस पुष्कळ काम करतो.

अश्विनीने दुसऱ्या एका बाईंकडून बोलण्याचे व्यायाम समजून घेतले आणि मला शिकवले. आरशासमोर बसायचं. ओठ मिटून म, जीभ लावून न. ज्या बाईने हजारो पोरांना बाराखडी शिकवली तिला 'न' म्हणायला सहा आठवडे लागले. मी रडायची तेव्हा अश्विनी म्हणायची, "रडायचं तर रडा, टीचर, पण बोटं मोजत रडा." मला तिचं ते वागणं आवडायचं. घरात फक्त तिला माझी दया येत नव्हती.

वाटलं होतं, बोलता नाही आलं तरी लिहिता येईल. डाव्या हातात पेन्सिल धरली आणि कळलं, की अक्षरंही गेली आहेत. 'गोळी' लिहायला जायची आणि 'गगगी' असं काहीतरी उमटायचं. गोळीचं चित्र काढलं तर सगळे माझीच गोळी आणून द्यायचे. ती मी खायची. आता एकही चुकवत नव्हते. मादू आला की त्याच्याकडे बोट दाखवायची, मग गोळीकडे. तो हसायचा. "व्हय व्हय, तू खा. तुला डागदरनं सांगितलंय."

शांता एकदा माझ्याकडे बघत राहिली होती. तिला काहीतरी संशय आला असावा. "वन्सं, तुमाला काय सांगायचंय का?" तिने विचारलं. "व्हय!" मी म्हणाले. तिने दहा गोष्टी विचारल्या. पाणी? संडास? मुलीला फोन? प्रत्येकीला मी व्हय म्हणाले. ती थकली. मीही थकले.

तेराव्या महिन्यात मी एक ओळ लिहिली. अक्षरं वाकडी, पण वाचता येण्यासारखी. मी गोळ्या खात नव्हते. एवढंच. त्या ओळीला मला सतरा दिवस लागले. मी कागद यांच्या हातात दिला आणि फोनकडे बोट केलं. फोटो काढून मादूला पाठवा, असं.

यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

मी हातानेच विचारलं, कसं?

"तुझ्या शाळेतलं सामान मुख्याध्यापकांनी पाठवलं होतं, तू दवाखान्यात होतीस तेव्हा. खोक्यात सगळी पाकिटं होती. मी जाळून टाकली."

माझा चेहरा बघून ते घाईघाईने म्हणाले, "मग काय सांगायचं होतं लोकांना? शिक्षिका असून गोळ्या लपवत होती? मी डॉक्टरांना छातीठोक सांगितलं होतं. तुझी अब्रू राखली मी, सुमन."

मी डावा हात टेबलावर आपटून म्हणाले, "मा... मादू." नीट नाही आलं, पण त्यांना समजलं.

"रविवारी येणारच आहे तो. समोर बसवून सांगू. फोनवर असं काही सांगतात का?"

तो दिवस मंगळवार होता.

गुरुवार

मादू गुरुवारी सकाळी विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि तिथेच खाली बसला. शांता भाकरी घेऊन गेली तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालेलं तिने पाहिलं. तिने कांदा हुंगवला नाही, वाट पाहिली नाही. रस्त्यावर जाऊन आडवी उभी राहिली आणि येणारा टेम्पो थांबवला. तासाच्या आत तो सोलापुरात होता. माझ्या आजारातून त्या घरात एवढी एक गोष्ट बरोबर शिकली गेली होती.

पण त्याच्या डोक्यात गुठळी नव्हती, रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "बीपीची औषधं?" शांता म्हणाली, "बंद केली, धा म्हैनं झालं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मला चाकाच्या खुर्चीतून तिथे नेलं. तोच मजला, तोच फिनाइलचा वास. त्याच्या तोंडात नळी होती. छाती मशीनच्या तालावर वर-खाली होत होती. मी त्याच्या कानाशी वाकले.

"मादू," मी म्हणाले.

स्पष्ट. एकही अक्षर न अडखळता. तोंडातून त्याचं नाव पहिल्यांदा नीट आलं ते तेव्हा. नर्सने माझ्याकडे पाहून कौतुकाने मान डोलावली.

तो रविवारी गेला.

सांगितलं

तेराव्यानंतर मी यांना गाडी करायला लावली. ते नको म्हणत होते, "आता सांगून काय होणार? तो तर गेला." मी ऐकलं नाही. मंद्रूपच्या घरात शांता भिंतीला टेकून बसली होती. मी तोच कागद तिच्या मांडीवर ठेवला. ती चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून तिने एकेक अक्षर वाचलं. दोनदा वाचलं.

"कवापास्नं?" तिने विचारलं.

"आधी... पासून," मी म्हणाले. "दीड... वर्ष."

ती यांच्याकडे वळली. "दाजी, तुमाला ठावं हुतं?"

"शांता, तेव्हाची परिस्थिती अशी होती, की..."

"ठावं हुतं का न्हाई?"

हे चष्मा पुसायला लागले.

शांता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खालच्या आवाजात मला म्हणाली, "मी त्यास्नी हात जोडलं हुतं, गोळ्या सोडू नगासा म्हनून. पाया पडले हुते. ते म्हनलं, तू गप. आक्का शिकलेली हाय. मी तिला इचारलंय. तिनं व्हय म्हनलंय."

मला सांगायचं होतं, की तो माझा शब्द नव्हता. तेव्हा मला बोलता येत होतं, थोडं थोडं. पण मी बोलले नाही. तो शब्द माझा नव्हता हे खरं असलं, तरी खडूचं खोकं माझंच होतं.

"घरला जावा आता," शांता म्हणाली. तिने चहा विचारला नाही.

आता

मी काठीने घरात चालते. वाक्यं बोलते, लहान लहान. उजवा हात खांद्यापासून लटकतो, त्याच्यावरचे तीन डाग आता पांढरे पडले आहेत. ज्यांना नवीन लकवा झाला आहे, त्यांच्या घरच्यांना मी तीन गोष्टी सांगते. वेळ घालवू नका, गाडी बोलवा. रुग्णाला विचारताना हो-नाहीवर विसंबू नका. दोन वस्तू समोर धरा आणि हात कुठे जातो ते बघा. आणि औषध सोडलं असेल तर कुणाला तरी सांगून सोडा. डॉक्टरला, शेजारणीला, कुणालाही. सोडण्याने माझं जेवढं वाटोळं झालं नाही तेवढं लपवण्याने झालं.

यांच्याशी माझं बोलणं कामापुरतं आहे. रोज सकाळी ते माझ्या ब्लाउजचे हुक लावतात, वेणी घालतात. वेणी वाकडी येते. ज्याचं तोंड पाहू नये असं वाटतं त्याच्याच हाताने रोज अंगावर कपडे चढवून घ्यावे लागतात. आजारपणात शिकलेल्या गोष्टींपैकी ही सगळ्यात अवघड. ते मला टाकून गेले नाहीत, हेही इथे लिहायला हवं. मी त्यांना माफ केलेलं नाही, हेही.

दोन महिन्यांनी शांता एकदा आली. बसली नाही. कमरेची पिशवी सोडून त्यातून गोळ्यांची पाकिटं काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. मादूची. त्याने घ्यायचं बंद केल्यावरही तिने सहा महिने मेडिकलमधून आणून ठेवली होती, आज ना उद्या खाईल म्हणून.

"तारीक बघितलीया, चालत्यात अजून," ती म्हणाली. "डागदरला दावा आन् खावा. माज्या घरात मला दिसाय नगंत."

मी डॉक्टरांना दाखवली. म्हणाले, गोळी तीच आहे, ताकदही तीच, घ्यायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शांताचा फोन आला. "खाल्ली?" मी म्हणाले, "खाल्ली." तिने फोन ठेवला. मग रोज आठ वाजता. खुशाली नाही, पाऊसपाणी नाही. खाल्ली? खाल्ली. एक दिवस मला ताप होता, हे बाहेर गेले होते, फोनपर्यंत जायला वेळ लागला. तिने तीनदा लावला. चौथ्यांदा मी उचलला तेव्हा तिला धाप लागली होती. पण विचारलं तेवढंच.

मी भावाच्या वाटच्या गोळ्या एकेक करून खाल्ल्या. एकही चुकवली नाही. शेवटचं पाकीट रिकामं झालं त्या सकाळी मी तिला सांगितलं, "संपल्या, शांता. सगळ्या."

पलीकडे थोडा वेळ शेळ्यांचा आवाज येत राहिला.

"बरं," ती म्हणाली. "आता तुमच्या तुमी खावा."

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही.